होडीच्या पंख्याचा शाफ्ट आणि बुश: लहान लेथवर नवीन जोडी बनवताना कामाचा क्रम

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मिरकरवाडा, हर्णे, साखरी नाटे, देवगड, मालवण अशा बंदरांवरच्या यांत्रिक नौका वर ओढल्या जातात, आणि त्यांचे झिजलेले शाफ्ट (इंजिनाची फिरकी पंख्यापर्यंत नेणाऱ्या दांड्या), ढिले पडलेले बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) आणि पंखे आसपासच्या लेथ वर्कशॉपमध्ये येऊन पडतात. सगळ्यांना काम एकाच वेळी हवे असते, नाखवा, म्हणजे होडीचा मालक, रोज दारात उभा असतो, आणि या घाईत बनवलेल्या जोड्यांपैकी काही ऑगस्टमध्येच परत येतात: पंखा सैल झालेला, बुश जळालेला किंवा शाफ्ट चावीच्या (पंखा शाफ्टवर घसरून फिरू नये म्हणून बसवलेल्या पट्टीच्या) खाचेपासून तुटलेला. परत आलेले असे जॉब मी जेव्हा जेव्हा उघडून पाहिले, तेव्हा बहुतेकांमध्ये चूक कामाच्या क्रमात सापडली. आधी करायचे काम नंतर झाले होते, आणि मग माप जुळवण्यासाठी कानस आणि पॉलिश पेपर वापरले गेले होते.

या लेखात ४० मिमी व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट, त्याच्या टोकाला १:१० टेपर (दर १० मिमी लांबीला व्यास १ मिमीने कमी होणारा निमुळता भाग) आणि पंख्याकडच्या बाजूला गनमेटलचा बुश असे उदाहरण घेतले आहे. व्यास वेगळा असला तरी क्रम हाच राहतो. संपूर्ण कामाला लागू पडणारा नियम असा की जो भाग बदलता येत नाही, किंवा जो बाहेरून नेमका मोजता येतो, तो आधी पक्का करावा आणि दुसरा भाग त्याला जुळवून घ्यावा. स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट ज्या नळीतून होडीबाहेर येतो तिच्या) भोकाप्रमाणे बुशचा बाहेरचा व्यास ठरतो, शाफ्टच्या प्रत्यक्ष मापाप्रमाणे बुशचे भोक ठरते, आणि पंख्याच्या हबप्रमाणे (पात्यांच्या मधल्या, भोक असलेल्या भागाप्रमाणे) शाफ्टचा टेपर ठरतो.

१. जुने भाग उघडताना घ्यायची मापे

काम सुरू होते ते होडीखाली, लेथपाशी नव्हे. खलाशी शाफ्ट, बुश आणि पंखा गोणत्यात घालून आणून देतात, पण तोपर्यंत निम्मी माहिती हरवलेली असते. शक्य असेल तर पंखा काढण्याआधी स्वतः जाऊन पुढील गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात: पंख्याचा हब आणि ट्यूबचे तोंड यांच्यातील अंतर, कपलिंगच्या (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकतीच्या) फेसपासून ट्यूबच्या आतल्या टोकापर्यंतचे अंतर, आणि पंखा वर-खाली हलवला असता शाफ्ट बुशमध्ये किती खेळतो ते. हा खेळ डायल गेजने (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) मोजावा. गेज नसेल तर फीलर गेजची (फट मोजण्याची पातळ) पट्टी बुशच्या तोंडाशी वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी घालून पाहावी.

झीज कोणत्या बाजूला आहे याची नोंद फार मोलाची असते. बुश फक्त खालच्या बाजूला झिजला असेल तर तो शाफ्टच्या आणि पंख्याच्या वजनाने नैसर्गिकरीत्या झिजला आहे असे समजावे. एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून झिजला असेल तर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत, आणि अशा होडीला कितीही चांगला बुश बनवून दिला तरी तो तसाच झिजेल. हे नाखव्याला तेव्हाच सांगावे, बिल देताना सांगू नये.

*तपासणी:* जुना शाफ्ट, जुना बुश, चावी, नट आणि पंखा या पाचही वस्तू वर्कशॉपमध्ये आल्याशिवाय धातू कापायला घेऊ नये. पंखा दुसऱ्या होडीला तात्पुरता लावला आहे, तुम्ही शाफ्ट तेवढा करून ठेवा, असा निरोप आला तर थांबावे. पंख्याशिवाय टेपर करता येत नाही.

२. धातूची निवड

शाफ्टसाठी बाजारात ३०४ आणि ३१६ हे दोन स्टेनलेस स्टीलचे प्रकार सहज मिळतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे पडण्याचे प्रमाण कमी असते. ३०४ चा शाफ्ट वाहत्या पाण्यात बराच काळ टिकतो, पण होडी आठवडेच्या आठवडे नांगरावर उभी राहिली की ट्यूबमधल्या साचलेल्या पाण्यात आणि ग्लँडच्या (शाफ्टभोवती दोरी आवळून पाणी अडवणाऱ्या भागाच्या) दोरीखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, त्याला खोल खड्डे पडतात. बाहेरून चकचकीत दिसणारा शाफ्ट ग्लँडखाली सुईने टोचल्यासारखा पोखरलेला असतो तो यामुळेच. पैसे असतील तर ३१६ घ्यावा. साधा ईएन ८ (स्टेनलेस नसलेले कार्बन स्टील) वापरायचा असेल तर तो ग्रीसवर चालणाऱ्या बंद ट्यूबमध्येच वापरावा.

लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. चुंबक घट्ट चिकटला तर मात्र तो ४१० सारखा वेगळा प्रकार आहे हे नक्की, आणि तो समुद्राच्या पाण्यासाठी परत करावा. ३१६ चे पैसे मोजत असाल तर विक्रेत्याकडून तपासणीचा दाखला मागून घ्यावा किंवा तुकडा कापून प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

बुशसाठी गनमेटल घ्यावे. ८५ टक्के तांबे आणि कथील, शिसे, जस्त प्रत्येकी ५ टक्के हे मिश्रण लेथवर सुरेख कापले जाते आणि समुद्रात टिकते. पिवळे पितळ स्वस्त पडते म्हणून आग्रह होतो, पण खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त निघून जाते आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबे उरते. जुना बुश घासून पाहिल्यावर आतून गुलाबी रंग दिसला तर तो पितळाचा होता हे ओळखावे.

नायलॉनच्या बुशबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. नायलॉन पाणी शोषून फुगते. कोरड्या वर्कशॉपमध्ये ०.१५ मिमी सूट (शाफ्टपेक्षा भोक जितके मोठे ते माप) ठेवून बोअर केलेला नायलॉनचा बुश पाण्यात काही दिवस राहिला की शाफ्टला आवळतो. काही वर्षांपूर्वी एका होडीला मी असा बुश बनवून दिला होता. ती पाण्यात उतरली तेव्हा शाफ्ट हाताने फिरत होता, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा समुद्रात जायच्या दिवशी इंजिन चालू होऊनही क्लच टाकताच बंद पडत होते. तांडेलाचा (होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा) दिवस गेला, बर्फ वितळला, आणि बुश छिन्नीने फोडून काढावा लागला. तेव्हापासून मी नायलॉन या कामासाठी हाती घेत नाही.

३. लेथची तयारी

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या हवेत लेथच्या बेडवर एका रात्रीत तांबूस थर चढतो. काम सुरू करण्याआधी बेड, टेलस्टॉकची (जॉबचे दुसरे टोक धरणाऱ्या भागाची) बैठक आणि कंपाउंड स्लाइड (टूल तिरके सरकवणारा भाग) पुसून तेल लावावे. हा स्वच्छतेपुरता भाग नाही: टेलस्टॉकखाली अडकलेला गंज किंवा कीस टेलस्टॉकचे सेंटर (जॉबला टेकणारे टोक) उचलतो आणि लांब शाफ्टवर नको असलेला टेपर येतो.

त्यानंतर टेलस्टॉकची रेषा तपासावी. दोन सेंटरमध्ये सुमारे ३०० मिमी लांबीची सळई बांधून तिच्या दोन्ही टोकांना एकाच सेटिंगमध्ये हलका कट घ्यावा आणि दोन्ही व्यास मायक्रोमीटरने मोजावेत. फरक ०.०२ मिमीपेक्षा जास्त असेल तर टेलस्टॉकचे बाजूचे स्क्रू फिरवून तो कमी करावा. या अर्ध्या तासाच्या कामावर पुढचे सगळे काम उभे असते.

टूलची (कापणाऱ्या हत्याराची) उंची सेंटरच्या टोकाशी तंतोतंत जुळवावी. सरळ टर्निंगमध्ये थोडा फरक चालून जातो, पण टेपर करताना टूल वर किंवा खाली असेल तर टेपरची रेषा सरळ न येता मध्ये किंचित पोकळ येते, आणि मग हब दोन टोकांनाच टेकतो.

४. शाफ्ट सरळ आहे ना?

ब्राइट बार (शाफ्टसाठी घेतलेली गुळगुळीत, तयार मापाची सळई) नवा असला म्हणजे सरळ असतोच असे नाही. ट्रकमधून येताना, दुकानात भिंतीला टेकून उभा राहिल्याने तो वाकतो. दोन व्ही-ब्लॉकवर किंवा रोलरवर बार ठेवून, मध्ये डायल गेज लावून तो हाताने सावकाश फिरवावा. पूर्ण फेऱ्यात काट्याचा फरक ०.१० मिमीपेक्षा जास्त असेल तर प्रेसवर सरळ करून घ्यावा. हातोड्याने ठोकून सरळ करू नये, कारण तसा बार टर्निंगनंतर पुन्हा वाकतो.

बार ४० मिमीचा म्हणून विकला जातो, पण प्रत्यक्षात तो ३९.९४ ते ४०.०० मिमीच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ज्या जागी बुश येणार आहे त्या जागी तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा, माप घेऊन वहीत लिहावे. हेच माप पुढे बुशचे भोक ठरवते. आपल्या उदाहरणात ते ३९.९४ मिमी आहे असे धरू.

*धोक्याची सूचना:* शाफ्ट चकच्या (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाच्या) मागून, हेडस्टॉकच्या पोकळीतून बाहेर काढावा लागला तर मागे राहिलेल्या भागाला आधार दिल्याशिवाय मशीन चालू करू नये. आधार नसलेला लांब बार वेग वाढला की वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. तो माणसाला मारू शकतो. पोकळीच्या मागच्या तोंडाशी लाकडाचा बुश बसवावा, बाहेर स्टँड उभा करावा आणि वेग कमी ठेवावा. पुढच्या बाजूला शाफ्ट स्टेडीमध्ये (लांब जॉबला आधार देणाऱ्या चौकटीत) धरावा, आणि स्टेडीची बोटे जिथे टेकतात तिथे ग्रीस द्यावे.

स्टेनलेसला कापताना टूल एका जागी घासत ठेवू नये. कट थांबला आणि टूल नुसते टेकून राहिले की त्या जागेचा पृष्ठभाग कडक होतो, आणि पुढचा कट घेताना टूलचे टोक जाते. एचएसएस (हाय स्पीड स्टीलचे) टूल असेल तर मिनिटाला १५ ते २० मीटर हा कापण्याचा वेग धरावा. ४० मिमी व्यासाला तो साधारण १४० आरपीएम येतो. कार्बाइड टिप असेल तर ६०० आरपीएमच्या आसपास जाता येते, पण लांब शाफ्टवर मी तितका वेग वापरत नाही. फीड (दर फेऱ्याला टूल जितके पुढे सरकते ते) मात्र अगदी बारीक ठेवू नये.

स्टेनलेस तापल्यावर बरेच प्रसरण पावते. दोन मीटर लांबीचा शाफ्ट २० अंशांनी तापला तर त्याची लांबी जवळजवळ ०.७ मिमीने वाढते, आणि दोन सेंटरमध्ये घट्ट आवळलेला असेल तर तो मध्ये कमानीसारखा वाकतो. म्हणून प्रत्येक मोठ्या कटनंतर टेलस्टॉकचे सेंटर थोडे सैल करून पुन्हा हलके लावावे. व्यासावरही परिणाम होतो: ४० मिमीचा भाग ४० अंशांनी तापलेला असताना मोजला तर तो सुमारे ०.०३ मिमी जास्त दिसतो. शेवटचे माप शाफ्ट हाताला थंड लागल्यावरच घ्यावे.

५. टेपर

सर्वांत जास्त जॉब इथेच बिघडतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्यावा.

पहिली गोष्ट, हबचा टेपर किती आहे ते गृहीत धरू नये. १:१० बरोबरच १:१२ आणि १:१६ हे टेपरही आढळतात. हबच्या भोकाचे मोठ्या आणि लहान टोकाचे व्यास मोजावेत, पण अगदी तोंडाशी मोजू नयेत, कारण तोंडाशी भोक झिजून कर्ण्यासारखे उघडलेले असते. दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर आत जाऊन मोजावे. दोन व्यासांतील फरकाला त्या दोन जागांमधील अंतराने भागले की टेपर मिळतो. उदाहरणार्थ, ७० मिमी अंतरात व्यास ७ मिमीने कमी झाला तर तो १:१०.

दुसरी गोष्ट, कंपाउंड स्लाइड अर्ध्या कोनात फिरवायची असते. १:१० साठी हा अर्धा कोन २ अंश ५२ मिनिटे, १:१२ साठी २ अंश २३ मिनिटे आणि १:१६ साठी १ अंश ४७ मिनिटे आहे. पूर्ण कोन लावला की टेपर दुप्पट येतो, आणि ही चूक अनुभवी टर्नरकडूनही होते, विशेषतः रात्रीच्या पाळीत.

स्लाइडवरच्या अंशांच्या खुणांवर तर मुळीच विसंबू नये. त्या खुणांवर मिनिटे वाचता येत नाहीत. त्याऐवजी चकमध्ये सरळ, गोल फिरणारी सळई बांधावी, टूल पोस्टवर डायल गेज सेंटरच्या उंचीवर लावावा, आणि कंपाउंड स्लाइड बरोबर ५० मिमी सरकवून पाहावी. १:१० साठी काटा २.५० मिमी सरकला पाहिजे. जुन्या शाफ्टचा टेपर न झिजलेला असेल तर त्याहून सोपी रीत आहे: जुना शाफ्ट चार जबड्यांच्या चकमध्ये नीट सेंटर करून बांधावा, डायल त्याच्या टेपरवर टेकवावा आणि स्लाइड पुढेमागे सरकवताना काटा स्थिर राहीपर्यंत कोन जुळवावा. मात्र ज्या पट्ट्यात पंखा सैल होऊन फिरला आहे तो भाग डायलखाली घेऊ नये.

आता कट. आधी टेपर २ मिमी मोठा ठेवून रफ करावा. नंतर प्रत्येक वेळी पंखा हाताने टेपरवर चढवून तो किती आत जातो ते मोजावे. इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: १:१० टेपरमध्ये व्यास ०.१ मिमीने कमी केला की पंखा १ मिमी पुढे सरकतो. त्यामुळे पंखा हव्या त्या जागेपासून ४ मिमी मागे असेल तर व्यासातून ०.४ मिमी काढायचे आहेत, म्हणजे क्रॉस स्लाइडने (टूल जॉबकडे आडवे नेणाऱ्या भागाने) ०.२ मिमी आत जायचे आहे. पंखा जड असतो. तो चेन ब्लॉकवर किंवा दोघांनी धरून चढवावा, आणि टेलस्टॉक आधी मागे घ्यावा.

शेवटच्या दोन कटांआधी मार्किंग ब्ल्यू (दोन भाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावायचा. टेपरच्या लांबीवर तीन बारीक रेघा बोटाने ओढाव्यात, इतक्या पातळ की खालचा धातू त्यातून दिसेल. जाड थर लावला तर सगळीकडे निळा लागतो आणि काहीच कळत नाही. पंखा सरळ चढवून, पाव फेरापेक्षा कमी फिरवून, सरळ मागे ओढावा. मग हबच्या आत टॉर्च मारून पाहावे. निळा फक्त मोठ्या टोकाला लागला असेल तर कोन जास्त आहे. फक्त लहान टोकाला लागला असेल तर कोन कमी आहे. दोन्ही टोकांना लागून मध्ये कोरडा पट्टा राहिला असेल तर टूलची उंची पुन्हा तपासावी. रेघ पुसली जाऊन तिचा निळा किमान सत्तर टक्के लांबीवर पसरला असेल, आणि मोठ्या टोकाकडे तो किंचित दाट असेल, तर टेपर बसला.

*सूचना:* कोन चुकला असताना ग्राइंडिंग पेस्ट लावून पंखा टेपरवर घासत बसू नये. पेस्ट शेवटचा थोडासा भाग जुळवण्यासाठी आहे. जास्त घासल्यास टेपरच्या मोठ्या टोकाशी पायरी पडते आणि पंखा त्या पायरीवर अडकून राहतो.

*तपासणी:* पंखा पूर्ण बसलेला असताना टेपरचे लहान टोक हबच्या आत २ ते ३ मिमी राहिले पाहिजे. ते हबच्या बरोबरीला किंवा बाहेर आले असेल तर नट हबला दाबण्याऐवजी शाफ्टच्या खांद्यावर आवळला जाईल, पाना घट्ट लागेल, आणि पंखा मात्र सैलच राहील.

६. चावी आणि तिची खाच

खाच टेपर पास झाल्यावरच कापावी. आधी कापली तर टेपरचे शेवटचे कट तुटक बसतात आणि खाचेच्या कडा दबतात.

आपल्या टेपरचा मधला व्यास ३६ मिमीच्या आसपास आहे, आणि त्याला प्रमाणित कोष्टकाप्रमाणे १० मिमी रुंद व ८ मिमी उंच चावी येते. शाफ्टमध्ये खोली ५ मिमी, हबमध्ये ३.३ मिमी. हबमधली खाच आधीच ठरलेली असते, म्हणून चावीची रुंदी तिच्यावरून घ्यावी. हबची खाच झिजून वाकडी झाली असेल तर ती पुढच्या प्रमाणित मापापर्यंत स्लॉटिंग मशीनवर मोठी करून घ्यावी. पत्र्याची पट्टी घालून जागा भरू नये.

खाच एंड मिलने कापावी आणि टेपरच्या मोठ्या टोकापर्यंत नेऊ नये; दहा-बारा मिलिमीटर अलीकडे थांबवावी, आणि शेवट चमच्यासारखा उथळ होत वर आणावा. तळाचे कोपरे काटकोनी टोकदार न ठेवता किंचित गोल ठेवावेत. शाफ्ट तुटतो तो जवळजवळ नेहमी खाचेच्या या टोकापासून, आणि तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेघा दिसतात. अशा रेघा दिसल्या की चीर कित्येक दिवस हळूहळू वाढत होती हे समजावे.

चावी दोन्ही बाजूंनी घट्ट आणि वरून मोकळी हवी. वर ०.२ ते ०.३ मिमी जागा राहिली पाहिजे. चावी वरून टेकली तर पंखा टेपरवर न बसता चावीवर बसतो. बाहेरून काहीच फरक दिसत नाही, नटही घट्ट वाटतो, पण हब एका बाजूने उचललेला असतो, आणि प्रत्येक वेळी पुढे-मागे गिअर टाकताना तो थोडा थोडा हलतो.

हे पकडण्याची खात्रीची रीत अशी: चावी न घालता पंखा टेपरवर दाबून बसवावा आणि हबच्या पुढच्या कडेशी शाफ्टवर सुईने बारीक रेघ मारावी. मग पंखा काढून, चावी घालून, पुन्हा तितक्याच जोराने बसवावा. हबची कड त्याच रेघेवर आली पाहिजे. अर्धा मिलिमीटर जरी मागे राहिली तरी चावी काढून तिच्या माथ्यावर निळा लावून पाहावे. हबच्या खाचेत निळ्याचा डाग उमटला तर चावीची उंची तेवढी कमी करावी. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि ती न करता माझ्याकडून शाफ्ट बाहेर जात नाही.

७. आटे आणि नट

जुन्या नटाचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) गेजने मोजावा. जुन्या होड्यांवर इंची आटे असतात आणि नव्यांवर मिलिमीटरचे, आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. आटे उजवे आहेत की डावे हेही जुन्या शाफ्टवरून पाहूनच ठरवावे.

दोन नट असतील तर पातळ नट आत, पंख्याला लागून, आणि जाड नट बाहेर लावावा. जाड नट शेवटी आवळला की भार त्याच्यावर जातो, म्हणून जास्त आटे असलेला नट बाहेर हवा. त्यानंतर स्प्लिट पिनचे भोक नट प्रत्यक्ष आवळून, जागा खूण करून मगच पाडावे.

८. बुश

गनमेटलचा कास्ट तुकडा आला की त्याच्या वरच्या कातडीत वाळू असते. पहिला कट तिच्या खालून, एकदम खोल घ्यावा, नाहीतर टूलची धार वाळूवर घासून जाते. गनमेटलसाठी टूलचा वरचा पृष्ठभाग सपाट ठेवावा. स्टीलसाठी घासलेले उतरते टूल लावले तर ते धातूत ओढले जाते आणि जॉब चकमधून उचकटतो.

आतून-बाहेरून २ मिमी ठेवून रफ करावे आणि तुकडा पूर्ण थंड होऊ द्यावा. मग स्टर्न ट्यूबचे भोक तीन ठिकाणी मोजून त्यापेक्षा ०.०३ ते ०.०४ मिमी मोठा बाहेरचा व्यास ठेवावा. पुढच्या टोकाला थोडा निमुळता भाग ठेवला तर बुश सरळ शिरतो.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक पुढे आहे. बुश ट्यूबमध्ये दाबून बसवला की त्याचे भोक आवळले जाते, आणि हे आवळणे बाहेरच्या जादा मापाच्या जवळपास सगळे असते. त्यामुळे बाहेर नेमके बोअर केलेले भोक आत गेल्यावर लहान होते, आणि मग घाईने पॉलिश पेपर गुंडाळून ते मोठे केले जाते. ट्यूब होडीतून निघत असेल तर बुश आधी दाबून बसवावा आणि शेवटचे बोअरिंग ट्यूबसकट, ट्यूब स्टेडीत धरून करावे. ट्यूब निघत नसेल तर आवळणे आधीच हिशेबात धरावे. आपल्या उदाहरणात शाफ्ट ३९.९४ मिमी आहे आणि मी ०.१५ मिमी सूट ठेवतो, म्हणजे बसल्यावर भोक ४०.०९ मिमी हवे. दाबताना ते ०.०४ मिमी कमी होणार, म्हणून लेथवर ४०.१३ मिमी ठेवावे.

बोअरिंग बार त्याच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढला की थरथरतो. ३० मिमी जाडीच्या बारने १२० मिमी लांबीचा बुश होतो. त्याहून लांब बुश हवा असेल तर दोन तुकडे करावेत. शेवटचा कट दोनदा, त्याच सेटिंगवर न हलवता घ्यावा, म्हणजे बार वाकल्यामुळे राहिलेला धातू निघून जातो.

पाण्यावर चालणाऱ्या बुशमध्ये लांबीभर आरपार खोबण्या ठेवाव्यात, पण तळाशी, जिथे शाफ्टचे वजन येते तिथे, खोबण ठेवू नये. ग्रीसवर चालणाऱ्या बुशमध्ये खोबण बाहेरच्या टोकाआधी १० मिमी थांबवावी, नाहीतर ग्रीस समुद्रात जाते. बुश बसल्यावर त्याला ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) अडकवावे. नुसत्या दाबावर सोडू नये.

*तपासणी:* होडीवर बसवण्याआधी शाफ्टला पातळ तेल लावून बुशमधून आरपार घालावा. तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे आणि कुठेही अडखळता कामा नये.

९. होडीवर बसवताना

ग्लँडमध्ये ग्रॅफाइट लावलेली दोरी स्टेनलेसच्या शाफ्टवर वापरू नये. समुद्राच्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस एकमेकांना लागून राहिले की शाफ्ट पोखरला जातो. चरबी लावलेली किंवा टेफ्लॉनची दोरी घ्यावी, तिचे प्रत्येक कडे वेगळे कापावे आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. इंजिन चालू असताना ग्लँडमधून थेंब थेंब पाणी आलेच पाहिजे. पूर्ण कोरडा आवळलेला ग्लँड शाफ्टवर खोबण पाडतो.

कपलिंग जोडण्याआधी दोन्ही फेसमधली फट फीलर गेजने चार ठिकाणी मोजावी. १०० मिमीच्या कपलिंगला चारही जागांमधला फरक ०.१ मिमीच्या आत हवा. मात्र होडी किनाऱ्यावर लाकडांवर टेकलेली असताना केलेली ही जुळणी कायमची धरू नये. लाकडी होडी पाण्यात उतरली की तिचा तळ आकार बदलतो, आणि फायबरच्या होडीतही थोडा फरक पडतो. होडी एक-दोन दिवस पाण्यात राहू द्यावी, कपलिंगचे बोल्ट सोडावेत, फट पुन्हा मोजावी आणि इंजिनाच्या पायांखालच्या पट्ट्या बदलून ती जुळवावी. नाखव्याची घाई असली तरी हा दिवस त्याच्याकडून मागून घ्यावा.

पहिल्या फेरीहून होडी परतली की पंख्याचा नट पुन्हा एकदा पान्याने तपासावा आणि बुशच्या जागी ट्यूबला हात लावून पाहावे. ट्यूब कोमट लागली तर चालेल. हात ठेवता आला नाही तर इंजिन बंद करून आधी रेषा तपासावी, आणि ती बरोबर असेल तरच बुश उघडावा.